तोल कोणाच्या हाती?

आमच्याकडे खेड्यापाड्यांत एक समजूत पक्की आहे. दारू पिऊन मोटारसायकल चालवू नये, कारण पोलीस धरतात. सायकलला मात्र हरकत नाही. "सायकलच तं हाये गा, तिले कोण पकडते?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. अलीकडे बॅटरीवर चालणाऱ्या लहान गाड्यांची त्यात भर पडली. लायसन्स नको, नंबर नको, मग पिऊन चालवली तर काय बिघडले, असा सवाल शहाणीसुरती माणसेही करतात. या समजुतीला कायद्याचा थोडा आधार आहे, शरीरशास्त्राचा मुळीच नाही. आणि या दोहोंमधली फट चंद्रपूर-गडचिरोलीकडे माणसाच्या जिवावर बेतते.

पूर्वी आठवडी बाजारातून पिऊन परतणारा माणूस बैलगाडीत आडवा होई आणि बैल त्याला बिनचूक घरी आणत. गाडीला दोन चाके. समोर जुवाखाली बैलांचे आठ पाय. गाडीवानाच्या शुद्धीवर गाडीचा तोल अवलंबून नव्हता, रस्ताही बैलांना पाठ असे. मग सायकल आली आणि पिणाऱ्याची जुनी सवय त्याच्याबरोबर सायकलवर बसली. पण सायकलला बैल नाहीत! तिचा तोल प्रत्येक क्षणी स्वाराने राखायचा असतो. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून आपण तिला सावरतो. ही दुरुस्ती आपण सतत करीत असतो, फक्त ती आपल्या लक्षात येत नाही. लहान पोर सायकल शिकताना धडपडते ते हेच न साधल्यामुळे.

याच्याही पुढची पायरी म्हणजे विजेवर चालणारी एकचाकी. आपल्या गावांत ती दिसत नाही, पण मोबाइलवरच्या चित्रफितींत पुष्कळांनी पाहिली असेल. एकच जाड चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या पट्ट्या, हँडल नाही, आसनही बहुधा नाही. पुढेमागे पडू न देण्याचे काम यंत्र करते. त्यातील संवेदक झुकाव मोजतो आणि मोटर चाकाला त्या दिशेने पळवते. तळहातावर उभी काठी तोलताना आपण हात हलवतो, तसाच हा प्रकार. पुढे झुकले की वेग वाढतो, मागे रेलले की कमी होतो. डावी-उजवीकडचा तोल मात्र स्वाराचाच. शिवाय यंत्राच्या ताकदीलाही सीमा आहे. मर्यादेजवळ येताच ते शिटी वाजवते, पायपट्ट्या मागे झुकवते. तरीही स्वार पुढे रेलत राहिला तर मोटर कमी पडते आणि तो तोंडावर आपटतो. ज्याचे डोके ताळ्यावर नाही त्याने ती शिटी ऐकून वेळेवर सावरावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता दारू नेमके काय बिघडवते ते पाहू. शरीराचा तोल राखणारे एक इंद्रिय आपल्या कानाच्या आत आहे. तेथे तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो आणि प्रत्येकीत जेलीसारखा एक लहानसा पडदा. डोके वळले की द्रव मागे राहतो, पडदा वाकतो आणि मेंदूला हालचालीची वर्दी मिळते. रक्तातील मद्यार्क या पडद्यात आधी शिरतो, भोवतीच्या द्रवात उशिरा. त्यामुळे पडदा द्रवापेक्षा हलका होऊन तरंगू लागतो आणि डोके स्थिर असतानाही ते फिरत असल्याची खोटी वर्दी देतो. पिऊन खाटेवर पडलेल्या माणसाला घर फिरताना दिसते, ते यामुळे. पुढे उतरतानाही मद्यार्क पडद्यातून आधी निघून जातो, म्हणून काही तासांनी पुन्हा उलटी चक्कर येते. भरीला हालचालींचा मेळ घालणारा लहान मेंदू मंदावतो. स्वाराची दुरुस्ती उशिरा होते, आणि उशिरा झाल्यामुळे प्रमाणाबाहेर होते. पिलेल्याची सायकल नागमोडी जाते त्याचे कारण हेच. लोक हसतात, समोरून ट्रक येत असेल तर हसू येत नाही.

थोडे गणितही करू. विदेशी म्हणवणाऱ्या आपल्याकडच्या दारूत शेकडा ४२.८ इतका मद्यार्क असतो. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमधून सुमारे २० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्यामुळे १०० मिलिलिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅमपर्यंत प्रमाण चढू शकते. शरीर ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास निचरा करते. लिंबू, ताक, थंड पाणी, यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. १८० मिलिलिटरचा 'पव्वा' रात्री नऊला संपवणाऱ्याच्या रक्तात या हिशेबाने दीडशेच्या घरात मद्यार्क असतो, आणि मोटारगाडीसाठी कायद्याने ठरवलेल्या ३० च्या रेघेखाली तो पहाटे पाचच्या सुमारास येतो. तेंदूपत्त्याच्या हंगामात याच वेळेला माणसे जंगलाच्या वाटेला लागतात. रात्रीची झोप झाली म्हणजे दारू उतरली, असे मानणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

मोहाच्या दारूला तर हे गणितही लागू करता येत नाही. गोंड-माडिया समाजात देवकार्याला आणि सणाला तिचे स्थान आहे. त्याची टिंगल मला करायची नाही. पण घरच्या भट्टीतून उतरलेल्या दारूच्या बाटलीवर प्रमाण लिहिलेले नसते. पहिल्या धारेची दारू आणि नंतरची, यांत मोठे अंतर असते. 'दोनच गिलास घेतले' या बोलण्यातून मग काहीच कळत नाही.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ रक्तातील ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड २,००० होता. मात्र हे कलम 'मोटार वाहना'पुरतेच आहे. सायकल त्यात बसत नाही. बॅटरीच्या गाडीची मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि अधिकृत चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले असेल, तर तीही मोटार वाहन मानली जात नाही. एकचाकीची बहुतेक यंत्रे याहून कितीतरी ताकदवान असतात. म्हणजे व्याख्येने ती मोटार वाहने ठरतात; पण मोटारसायकलची व्याख्या दुचाकी अशी असल्याने एकचाकीला नोंदणीत जागा नाही. सायकलस्वार अगदीच मोकळा आहे असेही नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ बेदरकारपणे कोणतेही वाहन हाकणाऱ्याला लागते, आणि रस्त्यावर नशेत भान सोडून वागणाऱ्यासाठी १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. पण त्याला थांबवून नळीत फुंकायला लावण्याचा नेम नाही. तो पडल्यावरच कायदा त्याच्यापाशी पोचतो.

इतर देशांनी याचा विचार निराळा केला. इंग्लंडमध्ये १८७२ चा एक कायदा अजून जिवंत आहे. रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे इंजिन ताब्यात असताना नशेत असणे हाच त्यात गुन्हा आहे. आमचा बैलगाडीवालाही त्यात सापडला असता! जर्मनीत सायकलसाठी रक्तातील मद्यार्काची वेगळी, बरीच सैल मर्यादा आहे. पण विजेच्या उभ्या स्कूटरला मोटारीचीच मर्यादा लावतात, आणि हँडल नसलेल्या एकचाकीला सार्वजनिक रस्त्यावर मुभाच नाही. जपानने १ नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

आमच्या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लोकांच्या, विशेषतः बायांच्या, मोठ्या चळवळीनंतर गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायांनी २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला. १ एप्रिल २०१५ ला तेथेही बंदी आली आणि २०२१ मध्ये शासनाने ती उठवली. गडचिरोलीची कायम आहे. दोन जिल्ह्यांमध्ये वैनगंगा आहे. अलीकडे बंदी, पलीकडे परवाना, मधे पूल. पिणारा पलीकडे जाऊन पितो, कारण बाटली सोबत आणली तर पकडले जाण्याचे भय. मग पोटातली दारू घेऊन तो अंधारात परततो. गावात पिणारा चालत घरी जात होता. या माणसाला चाकावर बसणे भाग पडते. बंदी उठवावी असा याचा अर्थ मी काढत नाही. ज्या घरांत संध्याकाळची चूल बंदीमुळे पेटू लागली ती घरे मी पाहिली आहेत. पण बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या भाषणांत या परतीच्या रस्त्याचा हिशेब मला क्वचितच सापडला. राष्ट्रीय व राज्य महामार्गांलगतची दुकाने हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश या रस्त्याचाच विचार करणारा होता. पुढच्याच वर्षी तो बराच सैल झाला.

आणि रस्ते तरी कसे? आष्टी-आलापल्लीकडे लोहखनिजाचे ट्रक, चंद्रपूर-बल्लारपूरकडे कोळशाचे. मूलच्या बाजूला जंगल, त्यात रानडुक्कर केव्हा आडवे येईल याचा नेम नाही. सायकलला दिवा नसतो, डोक्यावर हेल्मेट नसते. भामरागडकडून जखमीला गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात आणायला काही तास मोडतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून वस्तीतले अर्ज वाचून देण्याचे काम माझ्याकडे येते. गेल्या वर्षी शेजारच्या काकू एक अर्ज घेऊन आल्या. काका नदीपलीकडून सायकलने येताना रात्री नाल्यात पडून गेले होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. वगळलेल्या कारणांच्या यादीत अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेला अपघात आहे. शवविच्छेदनाच्या कागदावर दारूची नोंद होती. मी काकूंना ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "अरे पण ते गाडीवाल्यायसाठी असन नं? हे तं सायकलवर होते." मी यादी पुन्हा वाचली. नशेच्या त्या अटीत वाहनाचा उल्लेख नाही. अर्ज आम्ही तरीही भरला.