रापण ओढताना

पाणी बघण्याचं काम आबांचं. सकाळी साडेसहाला तारकर्लीच्या पुळणीवर ते होडीला पाठ टेकून बसले होते. विडी विझलेली, नजर समोर. मीही तिकडेच बघत होतो. मला एकसारखं करडं पाणी दिसत होतं, त्यांना त्यात तुकडे दिसत होते. मासळीची झुंड किनाऱ्याजवळ आली की पाणी एका जागी गडद होतं, वर बारीक थरथर उठते, कुरव पक्षी तिथेच घिरट्या घालू लागतात. तासभर काहीच घडलं नाही. मग आबा उठले आणि नुसता हात वर केला.

होडी पाण्यात लोटली गेली. रापणीची तऱ्हा अशी: दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांकडे ठेवायचं, होडीने जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ काढायचं आणि दुसऱ्या दोराचं टोक बरंच पलीकडे पुन्हा वाळूवर आणायचं. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगणारे बोये, खालच्या कडेला शिशाचं वजन, मधोमध बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची, पिशवी. मग दोन्हीकडून ओढायचं. यंत्र नाही, फक्त माणसं. कितीही आली तरी चालतात, कमी आली तर मात्र चालत नाही.

मी दक्षिणेकडच्या रांगेत शिरलो. माझ्या पुढे एक वायरमन, मागे न्याहारी-निवास चालवणारा एक जण, त्याच्या मागे शाळेचा गणवेश पिशवीत कोंबून आलेली दोन पोरं. पाच मिनिटांत माझे तळहात लाल झाले. मागून आवाज आला, "हातान नको रे, आंगान ओढ." टाच वाळूत रोवायची, दोर कुशीत घ्यायचा, मागे कलायचं. लाट आत येते तेव्हा ओढायचं. ती परतते तेव्हा नुसतं धरून ठेवायचं. समुद्र स्वतःच अर्धं काम करतो, त्याच्याशी भांडलं तर तो करत नाही. रांगेच्या शेवटाला पोचलेला माणूस दोर सोडतो आणि पुन्हा पाण्याच्या कडेला जाऊन पुढचा दोर धरतो. असं करत दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. दोन पर्यटक मधेच घुसले, दोर धरून फोटो काढला आणि नाश्त्याला गेले.

दीड तास ओढल्यावर माणसाला विचार करायला वेळ मिळतो. रापण माशाच्या मागे जात नाही. ती किनाऱ्यावर बसून वाट बघते, आणि मासा आपणहून जवळ आला तरच तिचं पोट भरतं. पर्ससीनची गोष्ट उलटी. ती नौका झुंड शोधत जाते, भोवती जाळ्याचं कडं घालते आणि तळाची दोरी बटव्यासारखी आवळते. मग मासा खालूनही निसटत नाही. किनाऱ्याकडे निघालेली झुंड वाटेतच उचलली गेली की इथे आबांना तासन् तास नुसतं पाणी बघावं लागतं. गोव्याचे रापणकार यांत्रिक नौकांविरुद्ध सत्तरच्या दशकातच रस्त्यावर उतरले होते, माथानी साल्ढाणांच्या नेतृत्वाखाली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. पर्ससीनवर राज्याने २०१६ साली बंधनं आणली, आणि एलईडी दिव्यांच्या झोतात मासा गोळा करून धरण्यावर केंद्राने २०१७च्या नोव्हेंबरात बंदी घातली. आदल्या रात्री याच पुळणीवरून मला क्षितिजावर दिव्यांची लांबलचक माळ दिसली होती. त्यातले रीतसर किती, चोरटे किती, इथून कळायला मार्ग नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "दर्यात मासो आसा. पण तो हयसर येवक देतत खंय?"

बोये जवळ आले तसा ओरडा वाढला. चारपाच जण छातीभर पाण्यात उतरून जाळ्याची वरची कड उचलून धरू लागले, नाहीतर बांगडे उड्या मारून पसार होतात. शेवटचे वीस हात सर्वांत जड. आणि मग ती पिशवी वाळूवर आली, चंदेरी, थडथडणारी, आणि बघता बघता लहान वाटू लागली.

पेडवे होते, म्हणजे बारीक तारली. थोडे बांगडे, दोन कर्ल्या, मूठभर सुंगटं. फुगलेले केंड, जाळं कातरतात म्हणून त्यांना शिव्या. लिबलिबीत जेलीफिशांचा ढीग. गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, दुसऱ्याच कुणाच्या तरी नायलॉन जाळ्याचा हिरवा गुंता. हा गुंता पाण्यात राहिला असता तर मालकाशिवाय मासे मारत राहिला असता.

तारलीचं सगळं खापर पर्ससीनवर फोडता येत नाही. केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली उतरली होती. २०२१ साली उतरली ३,२९७ टन. हे आकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे. तारली प्लवकांवर जगते. पावसाळी वाऱ्यांनी वरचं पाणी बाजूला सारलं की खालचं गार, सकस पाणी वर येतं, प्लवक माजतात आणि त्यांच्यामागे तारली किनाऱ्याला लागते. अरबी समुद्र तापतोय. एल निनोच्या वर्षी ही घडी विस्कटते, झुंडी रोडावतात किंवा ठिकाण सोडतात. आणि नेमक्या त्याच वेळी पिल्लं ओरबाडली गेली तर पुढच्या वर्षी अंडी घालणार कोण?

आता रापणीबद्दलही बोलायला हवं, कारण पारंपरिक म्हटलं की आपण हळवे होतो. त्या मधल्या पिशवीचा आस इतका बारीक की बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. राज्याने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. बांगड्याला साधारण १४ सेंटिमीटर. माझी वीत २१ सेंटिमीटरची आहे. तिच्या दोन-तृतीयांश हिशेबाने मी पाटीतले वरवरचे बांगडे मोजून पाहिले. बरेच नापास. वायरमनला तसं म्हटलं. तो चिडला नाही. "मोठे येवकच नाय, तर आमी धरूचा काय?" एवढंच म्हणाला, आणि ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकाराचा नियम किनाऱ्यावर राबवणं सोपं, कारण इथे जाळं सगळ्यांसमोर उघडतं. खोल समुद्रात ते कुणासमोर उघडतं?

पुळणीवरच पावणी, म्हणजे लिलाव, झाली. पाट्या घेऊन आलेल्या बायकांनी नाकं मुरडत, "ह्या काय आणलास" म्हणत, पाच मिनिटांत सगळं उचललं. पैशांतून जाळ्याचा आणि होडीचा वाटा आधी बाजूला गेला, उरलेला ओढणाऱ्यांत. मी नको म्हणत होतो, पण दोराला हात लावलेल्याला रिकामं पाठवायची रीत नाही. मला पाच बांगडे आणि ओंजळभर पेडवे मिळाले. मागे आबा केंडांनी कातरलेली भोकं मोजत, सुई-दोरा घेऊन वाळूत बसले होते.

घरी मावशीने आडाळो काढला. मी पाचही बांगडे ओट्यावर ओळीने मांडले आणि वीत लावली. तीन बसले, दोन तोकडे पडले.

"मोजूक काय बसलंस?" मावशी म्हणाली. "आधी ते धू."