अस्कोट ते आराकोट : दर दहा वर्षांनी तपासलेली आठवण

व्यक्तिगत आठवण हे इतिहासाचे साधन म्हणून कच्चे मानले जाते, कारण तारुण्यातील दिवसांना उत्तरायुष्यात आपोआप सोनेरी झळाळी चढते आणि चळवळीतील माणसांच्या बाबतीत तर ती अधिकच चढते. चिपको आंदोलनाच्या पहिल्या पर्वातील काही तरुणांनी या अडचणीवर शोधलेला उपाय साधा होता, पण अंगमेहनतीचा होता : ज्या वाटेने ते तरुणपणी चालले, त्याच वाटेने दर दहा वर्षांनी पुन्हा चालायचे.

त्या पर्वाची सुरुवात १९७३ मध्ये चमोली जिल्ह्यातील मंडल येथे झाली. ज्याच्या चिवट लाकडापासून बैलांचे जू तयार होते, ते अंगूचे झाड स्थानिक ग्रामोद्योग संस्थेला नाकारून खेळाचे साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीला देण्यात आले, आणि चंडीप्रसाद भट्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला विरोध केला. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावात गौरादेवी व इतर स्त्रियांनी जंगलतोड अडवली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, सुंदरलाल बहुगुणा यांच्या प्रेरणेने, शेखर पाठक, शमशेरसिंग बिष्ट, कुंवर प्रसून आणि प्रताप शिखर हे चार तरुण नेपाळ सीमेजवळच्या अस्कोटहून हिमाचल सीमेजवळच्या आराकोटकडे निघाले. दिवस निवडला होता २५ मे, म्हणजे टिहरी संस्थानाच्या तुरुंगात ८४ दिवसांच्या उपोषणानंतर १९४४ मध्ये प्राण सोडलेल्या श्रीदेव सुमन यांचा जन्मदिवस.

यात्रेचा मुख्य नियम असा की खिशात पैसे ठेवायचे नाहीत. गाव देईल ते खायचे आणि गाव देईल तिथे झोपायचे. मराठी वाचकाला यावरून वारी आठवेल, परंतु येथे वाटेच्या शेवटी देऊळ नव्हते, आणि नियमाचे कारणही वैराग्याचे नव्हते. पैसे असलेला पाहुणा दुकानापाशी थांबतो, तर पैसे नसलेल्याला चुलीपर्यंत जावे लागते, आणि पहाडातील चूल म्हणजे सरपण, पाणी व चारा यांसाठी रोज मैलोगणती चालणाऱ्या स्त्रीचे राज्य. घरचा पुरुष बहुधा मैदानी प्रदेशात किंवा सैन्यात नोकरीला असल्याने घर त्याच्या मनीऑर्डरवर चाले. अभ्यासक यालाच 'मनीऑर्डर अर्थव्यवस्था' म्हणतात. जंगलाचा प्रश्न हा मुळात घर चालवण्याचा प्रश्न आहे, ही समज या तरुणांच्या पिढीला सभांमधून जितकी मिळाली, त्याहून अधिक अशा मुक्कामांतून मिळाली असावी.

यात्रा १९८४ पासून दर दशकात पुन्हा निघाली. १९८३ मध्ये नैनिताल येथे स्थापन झालेल्या 'पहाड' या संस्थेने ती चालू ठेवली आणि पुढे तिचा आरंभ अस्कोटच्याही पलीकडील पांगूहून होऊ लागला. १९८४ ची यात्रा निघाली तेव्हा दारूविरुद्धचे 'नशा नहीं, रोजगार दो' आंदोलन ताजे होते. २००४ मध्ये चालणारे लोक नव्या उत्तराखंड राज्यातून चालत होते. नंतरच्या यात्रांना मोटाररस्ते अधिक आणि कुलूपबंद घरे अधिक भेटली. स्थलांतराला तेथे 'पलायन' म्हणतात, आणि त्या शब्दातील कडवटपणा मराठीतही पुरेसा पोहोचतो. आठवणीतले गाव आणि समोरचे गाव यांचा मेळ असा पुन्हा पुन्हा घालावा लागल्यामुळे चिपकोसंबंधीच्या पाठक यांच्या लेखनात गौरवापेक्षा तपशील जास्त आहे.

सह्याद्रीतही १९८७-८८ मध्ये नवापूर आणि कन्याकुमारी या दोन टोकांकडून निघालेली 'पश्चिम घाट बचाव' पदयात्रा गोव्यात एकत्र आली होती; तीच वाट ठरावीक काळाने पुन्हा चालून पाहण्याची शिस्त मात्र इकडे रुजली नाही, आणि हे नुकसान लहान नाही.

२५ मे २०२४ रोजी पांगूहून सहावी यात्रा निघाली, तेव्हा शमशेरसिंग बिष्ट आणि कुंवर प्रसून हयात नव्हते. शेखर पाठक चालणाऱ्यांत होते.