शॉक म्हणजे करंट नव्हे!

"मला करंट देऊन मारायचं ठरवलंय का तुम्ही?" सासूबाईंनी डॉक्टरांना तोंडावरच विचारलं. मी हसू दाबलं. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, 'शॉकवेव्ह' म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे विजेचं बटणच आलं होतं.

सासूबाईंना अठरा वर्षांपासून 'शुगर'. श्रावणात देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालताना तळव्यात खडा रुतला. मधुमेहानं पाय बधिर झालेला, त्यामुळे दुखलंच नाही. कळलं तेव्हाही त्यांनी हळद भरून वर फडकं बांधलं आणि चांगले दहा दिवस आमच्यापासून लपवलं. "तुम्ही उगीच खर्चात पडाल," म्हणे! फरशीवर ओला डाग दिसला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग तीन महिने गावात ड्रेसिंग केलं, तरी जखम होती तेवढीच. शेजारच्या काकूंचा पाय असाच कापावा लागला होता. मला रात्र रात्र झोप येईना.

शेवटी पुण्याला नेलं. तिथे मशीनचं नाव लगेच निघालं नाही. आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी, हाडासाठी एक्स-रे, मेलेली कातडी काढणं आणि जखमेवर भार पडू नये म्हणून पायाला प्लास्टर. "रक्तच पोचत नसेल तर मशीन काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

शॉकवेव्ह म्हणजे दाबाच्या ध्वनिलहरी. १९८० साली जर्मनीत याच लहरींनी माणसाच्या पोटातला मूतखडा पहिल्यांदा फोडला. जखमेसाठी त्या पुष्कळ सौम्य असतात. जेल लावून यंत्राचं टोक जखमेवर धरायचं, टकटक आवाज होतो, बस्स. त्यामुळे तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला चालना मिळते, असं मानतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी अशा एका यंत्राला परवानगी दिली. जखम १६ चौरस सेंटिमीटरपेक्षा मोठी नको, हाड उघडं पडलेलं नको, आणि नेहमीचे उपचार सोबत हवेतच. ३३६ रुग्णांवरच्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी शंभरातल्या ४४ जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. ज्यांना नुसतं खोटं यंत्र लावलं, त्यांच्यातल्या ३० जणांच्या. म्हणजे फरक आहे, पण जादू नाही. डॉक्टरांनी हे आधीच स्पष्ट सांगितलं, ते मला आवडलं.

सासूबाईंच्या चार बैठका झाल्या. पाचव्या महिन्यात जखम मिटली. लहरींनी की प्लास्टरनं, देव जाणे! माझं मत विचाराल तर, पाय टेकू दिला नाही याचा वाटा मोठा. त्यासाठी घरात किती भांडणं झाली, ते मलाच ठाऊक.

आता रोज रात्री त्या आरसा मागून घेतात आणि तळवे बघतात. यंदा श्रावणातल्या प्रदक्षिणा मी घातल्या. त्या सभामंडपात खुर्चीवर बसून मोजत होत्या, आणि एक फेरी कमी पडली तर तिथूनच ओरडत होत्या!