बुलढाण्याहून बाईकवर लडाख : बॅग भरण्याआधी सुट्टीचं गणित का मांडावं लागतं?

लग्नसराई आटोपली की बुलढाणा, चिखली, खामगावच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. खर्दुंग ला खिंडीतला बोर्ड, त्यासमोर हेल्मेट हातात धरलेला कुणीतरी आणि खाली कॅप्शन, 'यंदा फिक्स'. पंधरा जण अंगठा दाखवतात, पाच जण पैसे काढायला तयार होतात आणि निघायच्या दिवशी तिघं उरतात.

हा विषय त्या तिघांचा आहे. कारण ते खरंच निघतात आणि बहुतेकदा चुकीच्या गोष्टीची तयारी करून निघतात. कोणती गाडी, कोणतं जॅकेट, कोणता ॲक्शन कॅमेरा यावर महिनाभर चर्चा होते. पण सुट्टी किती दिवसांची आणि रोज रात्री झोपायचं किती उंचीवर, हे कुणी कागदावर मांडत नाही. ट्रिप फसते ती तिथेच.

आधी अंतर बघू. बुलढाण्याहून मलकापूर, बऱ्हाणपूर, इंदूर, दिल्ली करत मनालीपर्यंत साधारण १,६५० किलोमीटर होतात. मनाली ते लेह सुमारे ४३०, लेहमध्ये नुब्रा आणि पँगाँग फिरायला ५०० ते ६००, लेह ते श्रीनगर ४२० आणि तिथून घरी यायला १,९०० च्या आसपास. एकूण बेरीज पाच हजार किलोमीटर. ३५० सीसीच्या गाडीने लिटरला ३५ किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०० रुपये धरलं, तरी नुसतं पेट्रोल १४ हजारांच्या पुढे जातं.

पैशांची सोय होते, दिवसांची होत नाही. सपाट रस्त्यावर रोज ४०० किलोमीटर धरले तर जायला चार दिवस, यायला पाच आणि मधे लडाखचे किमान दहा. म्हणजे वीस दिवसांची रजा. ती मिळत नाही म्हणून लोक दहा दिवसांत सगळं बसवायला जातात. मग कात्री लागते ती लेहमधल्या आरामाच्या दिवसांना, आणि नेमके तेच दिवस कापायचे नसतात.

तिथे नेमकं होतं काय?

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. लेह शहर ३,५०० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षाही जास्त उंचीवर तिथला भाजीबाजार भरतो.

एवढ्या उंचीवर हवेतला ऑक्सिजन संपत नाही. त्याचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं. पण हवेचा दाब कमी झालेला असतो, त्यामुळे एका श्वासात आत जाणारा ऑक्सिजन कमी पडतो. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश उरतो, खर्दुंग लासारख्या खिंडीत जेमतेम निम्मा. (तिथल्या बोर्डावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असा आकडा होता. मोजणीत उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साधारण १७,५८२ फूट निघते. फोटो मात्र अजूनही जुन्याच आकड्यासह फिरतात.)

शरीर याला सरावतं, पण त्याला वेळ लागतो. वेळ दिला नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. इथपर्यंत आराम करून, आणखी वर न जाता भागतं. पण बसल्याजागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालता न येणं किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागणं, ही लक्षणं दिसली तर फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आलेली असू शकते. यात जीव जातो. जमेल तितकं लवकर खाली उतरवणं हाच त्यावरचा खरा उपाय. ऑक्सिजनचा सिलिंडर मिळाला तरी तो खाली पोहोचेपर्यंतचा आधार असतो. तरुण आहे, जिमला जातो, पंढरीची वारी पायी करतो, यातल्या कशाचाही इथे भरवसा धरता येत नाही. उंचीचा त्रास धडधाकट माणसालाही होतो.

डॉक्टर यासाठी साधा नियम सांगतात. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको. दिवसा खिंड चढून उतरलात तर चालतं, मोजायची ती झोपायची उंची.

आता हा नियम मनालीच्या रस्त्याला लावून बघा. मनाली २,०५० मीटर, पुढे जिस्पा ३,२०० आणि त्यानंतर बहुतेक जण तंबूत थांबतात ते सरचूला, साधारण ४,२९० मीटरवर. एका रात्रीत हजार मीटरची उडी. त्यात सरचूची जागा अडचणीची. मागे बारालाचा ला, पुढे लाचुंग ला. रात्री दोन वाजता कुणाला त्रास झाला तर खाली उतरण्यासाठी आधी खिंड चढावी लागते, कोणत्याही दिशेला निघा.

श्रीनगरकडून हेच गणित बरंच सोपं होतं. श्रीनगर १,५८५ मीटर, मग कारगिल २,६७६, मग लेह. झोजी ला ३,५२८ मीटरवर आहे, पण तिथे मुक्काम करायचा नसतो. म्हणून जाताना श्रीनगर आणि येताना मनाली, हा क्रम चांगला. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. पाणी प्यायचं, दारू टाळायची. डायमॉक्स नावाची गोळी अनेक जण मेडिकलमधून परस्पर घेतात; सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती त्रास देऊ शकते, त्यामुळे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारलेलं बरं. लेहमधलं एसएनएम हॉस्पिटल असे रुग्ण नेहमी बघतं. डोकं दुखायचं थांबत नसेल तर हॉटेलच्या खोलीत पडून राहण्यापेक्षा तिथे गेलेलं चांगलं.

कॅनडातल्या रॉकी पर्वताचे रील्स पाहून वाटतं की खरी ॲडव्हेंचर राईड तीच. तिथला प्रसिद्ध आइसफिल्ड्स पार्कवे लेक लुईस ते जॅस्पर असा २३२ किलोमीटरचा आहे आणि त्याचा सर्वात उंच भाग २,१०० मीटरच्याही आत आहे. तिथे थंडी, अस्वलं आणि दोन पंपांमधलं अंतर सांभाळावं लागतं, श्वासाचा प्रश्न फारसा येत नाही. आपल्याकडे लोक त्याच्या दीडपट उंचीवर पोहोचल्या दिवशीच फोटो काढायला धावतात.

कधी आणि कसं?

मनाली-लेह रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बर्फाने बंद होतो. जून-जुलै सगळ्यात गर्दीचा. पण बुलढाण्यात घरी शेती असणाऱ्यांसाठी तोच पेरणीचा काळ. पोळा झाल्यावर, सोयाबीन सोंगायला येण्याआधीचे दोन-तीन आठवडे मात्र मोकळे सापडतात. सप्टेंबर उजाडला की हिमाचलातला पाऊसही ओसरू लागतो, नाल्यांचं पाणी कमी असतं. रात्री थंडी जास्त, पण रस्ता बरा.

दिवस वाचवायचे असतील तर रेल्वे. बुलढाणा शहराला रेल्वे नाही, पण मलकापूर, नांदुरा, शेगाव मुंबई-हावडा मार्गावर आहेत आणि भुसावळ शंभरेक किलोमीटरवर. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस भुसावळवरून जाते. तिकीट असेल तर बाईक त्याच गाडीत लगेज म्हणून टाकता येते, नसेल तर पार्सल म्हणून. आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गोणपाटात गाडी बांधून घ्यावी लागते. अडचण एवढीच की भुसावळ मधलं स्टेशन आहे. गाडी काही मिनिटं थांबते आणि ब्रेकव्हॅन भरलेला असला तर बाईक मागे राहते. आधी एकदा पार्सल ऑफिसला जाऊन बोलून या आणि पुढे एक दिवस हातात ठेवा. जम्मूत उतरून श्रीनगर, लेह, मनाली करत अंबाल्याला परतीची रेल्वे धरली तर बाईकवरचं अंतर दोन हजार किलोमीटरवर येतं आणि पंधरा-सोळा दिवसांत आरामासह सगळं बसतं.

रस्त्यानेच जाणार असाल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा. सिंदखेडराजा, मेहकरकडून जाणारा समृद्धी महामार्ग दुचाकीला बंद आहे आणि दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेसुद्धा. गुगल मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडूनच रस्ता बघा.

गाडी

सीसीवरून भांडण्यात अर्थ नाही. स्प्लेंडरवर लडाख करून आलेले लोक आहेत. उंचीवर इंजिनालाही आपल्यासारखीच हवा कमी पडते आणि ताकद निम्म्यावर येते. कार्ब्युरेटरच्या गाड्या जास्त कुरकुरतात. बीएस-६ मधल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळवतात, पण ताकद त्यांचीही घटते. मागे माणूस आणि त्याच्या मागे सामान असेल तर लहान इंजिनची गाडी चढाला दम टाकते.

पेट्रोलचा हिशेब मनालीच्या बाजूला कडक आहे. टांडीच्या पंपानंतर लेहजवळच्या कारूपर्यंत तीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. १३ लिटरची टाकी आणि चढावर घटलेलं ॲव्हरेज धरलं की काटा लालमध्ये जातोच. पाच लिटरचा पत्र्याचा कॅन सोबत हवा.

सरावासाठी लांब जायला नको. मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट आणि खामगावकडचा बोथ्याचा घाट दारातच आहेत. (बोथ्याच्या बाजूलाच ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरहून निघालेला 'वॉकर' वाघ २०१९ मध्ये चालत तिथे पोहोचला होता. त्याच्या एकूण प्रवासाची नोंद तीन हजार किलोमीटरच्या घरात आहे.) मग एकदा पूर्ण सामान लादून, मागे बसणाऱ्यासह चिखलदऱ्याला जाऊन या. दोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर आहे. बॅगेचे बंद कुठे सैल पडतात आणि पाठ किती तासांनी बोलायला लागते, ते तिथेच कळतं.

याच घाटांत एक सवय मोडायची आहे. उताराला गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट जास्त लागतं. आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. राजूर घाट काही मिनिटांत संपतो, तांगलांग लाचा उतार तासभर चालतो.

वाटेत रस्त्यावरून वाहणारे नाले लागतात. ते सकाळी लवकर ओलांडायचे. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला येतं.

कागद आणि फोन

गाडी मित्राच्या नावावर असेल तर लेहमध्ये अडचण होऊ शकते. बाहेरून भाड्याने आणलेल्या बाईक नुब्रा-पँगाँगकडे नेऊ दिल्या जात नाहीत आणि दुसऱ्याच्या नावाची गाडी भाड्याचीच समजली जाते. स्वतःच्या किंवा घरातल्या माणसाच्या नावावरची एमएच-२८ न्यावी, नाहीतर लेहमध्येच भाड्याने घ्यावी. आरसी, लायसन्स, विमा, पीयूसीच्या छापील प्रती ठेवा, कारण नेटवर्क नसलं की डिजिलॉकर उघडत नाही. परवान्याचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, ते निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या वेबसाइटवर बघा.

बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. तिघांपैकी एकाने तरी महिनाभर आधी पोस्टपेड करून घ्यावं. तेही मनाली-लेह रस्त्यावर लांबच्या लांब पट्ट्यांत लागत नाही, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा की लेहहून निघाल्यावर दोन दिवस फोन येणार नाही आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मनालीहून येईल. तो आला नाही तर कुणाला फोन करायचा, तो नंबरही लिहून द्या.