सातासमुद्रापलीकडचं आधण

विमानतळावर जायला मीरा रोडहून निघायच्या आदल्या रात्री आमच्या घरात भांडण झालं ते चहावरून. बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा. आत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लेकीने मागितलेली सोलापुरी चादर आणि चहा पावडरीची अर्ध्या किलोची सहा पुडकी. काटा पंचवीस दाखवत होता. "तीन पुडकी काढ. जर्मनी आहे ती, तिथे काय चहा मिळत नाही?" हे म्हणाले. मी चादर काढली आणि पुडकी ठेवली.

त्याला कारण होतं. २०१७ साली मुलगी ब्रेमेनला शिकायला गेली तेव्हापासून दर फोनला तिचं एक वाक्य ठरलेलं असे, "बाकी सगळं ठीक आहे गं आई, पण चहा जमत नाही." पुढे पुढे ते वाक्यही येईनासं झालं. विचारलं तर म्हणाली, "सोडला मी चहा. कॉफी पिते." मला कसंसंच झालं. आमच्या घरात चारच्या चहाला जो बसत नाही तो आजारी, असा हिशेब आहे. मुलीने चहा सोडला, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय सोडलं असेल, हे फोनवर विचारता येत नाही. म्हणून २०१९च्या सप्टेंबरात आम्ही दोघं निघालो.

चहा मिळत नाही असं नव्हतंच मुळी! ब्रेमेनच्या साध्या वाणसामानाच्या दुकानात चहाची अख्खी भिंत होती. पण खोक्यांवरची चित्रं पाहा: पुदिना, बडीशेप, कॅमोमाइलची फुलं, सफरचंदाची सालं. गरम पाण्यात जे जे बुडेल ते तिथे चहा! आपल्याकडे ह्याला काढा म्हणतात आणि तो ताप आल्यावर पितात. खऱ्या चहाची खोकी खालच्या एका कप्प्यात होती, तीही दोऱ्याच्या पुडीतली. लेकीने सुरुवातीला त्या पुड्या फाडून उकळून पाहिल्या होत्या. मग चहाच्या खास दुकानात जाऊन चांगले पैसे मोजून सुटी दार्जिलिंगची पत्ती आणली, तीही आपल्या पद्धतीने आलं टाकून खळखळून उकळली. काय झालं असेल ते चहा करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. कडू पाणी आणि वर दुधाचा फिकट रंग.

पहिल्या संध्याकाळी मी मोठ्या तोऱ्यात घरची पावडर काढली. आलं ठेचलं, आधण ठेवलं, साखर, पावडर, दूध, सगळं नेहमीच्या मापाने. आणि तो चहा मलाच आवडला नाही. पावडर आपली, हात आपला, तरी पाणचट.

मला एकदम मीरा रोडचे जुने दिवस आठवले. १९८९ साली आम्ही इथे राहायला आलो तेव्हा इमारती मोजक्या होत्या. भाईंदरकडे जाताना गाडीतून मिठागरांचे पांढरे ढीग दिसायचे. नळाला पाणी थोडं, बाकी भिस्त टँकरवर आणि बोअरिंगवर. बोअरिंगचं पाणी मचूळ. गिरगावातून आलेल्या सासूबाई पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "पावडर बदललीस का गं?" पावडर तीच होती, बदललं होतं पाणी. दुसऱ्या दिवसापासून पिण्याच्या हंड्यातलं पाणी मी चहापुरतं वेगळं काढून ठेवायला लागले. इंग्लंडात तर 'जड पाण्यासाठी' म्हणून मुद्दाम वेगळं मिश्रण केलेली चहाची खोकी विकतात. पाण्यात चुना जास्त असला की चहावर तवंग धरतो आणि चव मरते.

पण ब्रेमेनला पाणी चांगलं होतं. चोर निघालं ते दूध. आपल्या चहाचं अर्धं सुख म्हशीच्या दुधात असतं हे आपण विसरतो. त्यात स्निग्धांश सहा-सात टक्के. तिथल्या 'पूर्ण' गाईच्या दुधात साडेतीन. शिवाय लेक आणायची ते खोक्यातलं, महिनोन्‌महिने टिकणारं दूध. अतिउष्णतेवर तापवल्याची एक चव त्याला आधीच लागलेली असते. निघण्यापूर्वी शेजारणीने दुधाची पावडर न्यायला सुचवलं होतं, पण प्रवाशांनी बाहेरून दूध नि दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. पेढेसुद्धा चालत नाहीत. शेवटी थंड कपाटातलं ताजं दूध आणि कॉफीसाठी मिळणारं, आटवलेलं बिनसाखरेचं दूध दोन चमचे, असं जमवलं. तेव्हा कुठे चहाला अंग आलं. लेक काही बोलली नाही. पातेल्यात उरलेला तेवढा गाळून प्यायली.

खरं तर त्या दार्जिलिंगच्या पत्तीचा काही गुन्हा नव्हता. चहाच्या डेपोत आपण ज्याला ममरी म्हणतो ती दाणेदार चहा पावडर हा वेगळाच जिन्नस आहे. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करायचं यंत्र आसाममध्ये १९३०च्या दशकात आलं. हा दाणा झटपट रंग सोडतो, कडक उतरतो आणि दूध-साखर-आल्यापुढे हार मानत नाही. अख्ख्या पत्तीला मात्र उकळी सोसत नाही. तिच्यावर गरम पाणी ओतून, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं स्वस्थ बसायचं असतं. परदेशी दुकानदार 'उत्तम चहा' म्हणून हौसेने पुढे करतो तो बहुधा हा. चहा उत्तमच, पण आपल्या पातेल्यासाठी नव्हे. पुड्यांचाच चहा घ्यायचा तर इंग्लंडातला बरा. त्यात केनियाचा दाणेदार चहा पुष्कळ असतो.

आणि ह्यात एक गंमत आहे. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९च्या जानेवारीत. त्यानंतर कितीतरी दशकं मळे आपल्या देशात आणि पिणारे तिकडे, असाच प्रकार होता. आपल्या आजी-पणज्यांना चहाची गोडी लावली ती विसाव्या शतकात, चहावाल्यांनीच, रेल्वे स्टेशनांवर आणि गिरण्यांच्या दारात प्रचार करून. शिकवायला आलेले सांगत होते किटलीत मुरवा, दूध बेताने घाला. आपण ऐकून घेतलं आणि पातेलं चुलीवर ठेवलं! आज देशात वर्षाला सुमारे १३० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला पाचातला चार हिस्से आपणच संपवतो.

तर, आमच्या आल्याच्या वासाने एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आजी दारात आल्या. लेक त्या घरात दोन वर्षं राहत होती, पण जिन्यातल्या नमस्कारापलीकडे ओळख नव्हती. आजी ओस्टफ्रिझलँडच्या, म्हणजे जर्मनीच्या वायव्य कोपऱ्यातल्या, समुद्रकाठच्या. कॉफी आणि बिअरच्या त्या देशात हा एवढाच मुलूख चहाबाज. माणशी वर्षाला सुमारे तीनशे लिटर चहा पितात! अठराव्या शतकात प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या सरकारने त्यांचा चहा बंद करून बिअरवर आणायचा प्रयत्न केला. लोक चोरून चहा आणू लागले, तेव्हा सरकारनेच नाद सोडला.

आजींनी आम्हाला खाली बोलावलं. पातळ चिनीमातीच्या कपात आधी खडीसाखरेचा मोठा खडा. त्यावर गरम चहा ओतला की तो तडतडतो, ती ऐकायची. मग कपाच्या कडेने चमच्याने साय सोडायची. ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. ढवळायचं नाही. आधी साय, मग कडू चहा, शेवटी गोड, असा कप उतरत जातो. पाहुण्याने तीन कप घ्यायचे ही रीत, आणि पुरे झालं की चमचा कपात ठेवायचा. चमचा ठेवला नाही तर यजमान ओततच राहतो. हे हळूच मला म्हणाले, "आपल्याकडच्या आग्रहापेक्षा हे सोपं आहे."

चहा काळाभोर, कडक. मी डबा मागून पाहिला. मिश्रण बव्हंशी आसामचंच! पुढच्या शनिवारी लेक आम्हाला आगगाडीने लेअर गावी घेऊन गेली. दीडेक तासाचा प्रवास. तिथे १८०६ सालापासूनची चहाची पेढी आहे, बुंटिंग नावाची, आणि तिचं चहाचं संग्रहालयही. ह्या लोकांची चहाची रीत जर्मनीने २०१६ साली युनेस्कोच्या करारानुसार केलेल्या आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घातली आहे. मला अमृततुल्यच्या स्टोव्हपाशी पितळी पातेल्यात ओगराळं फिरवणारा माणूस आठवला. त्याला कुठल्या यादीत घालणार?

मी तिथून पाव किलो चहा घेतला आणि मीरा रोडला आणला. आसामहून निघालेला माल जर्मनी पाहून परत आला. आल्या आल्या आमच्या म्हशीच्या दुधात, आलं-वेलदोडा घालून उकळला. ह्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "आपली पावडर संपली का?"

नेलेली सहा पुडकी लेकीला वर्षभर पुरली. ती रविवारी दुपारी आजींकडे जाऊ लागली, तीन कपांसाठी. त्या डिसेंबरात तिचा फोन आला. आजींना तिने वर बोलावलं होतं आणि आपला चहा करून दिला होता. उकळून, आलं घालून, आटवलेलं दूध घालून.

"मग? आवडला?" मी विचारलं.

"छान आहे म्हणाल्या," लेक हसत म्हणाली, "पण पहिल्याच कपाला चमचा आत ठेवला."