लांबचं स्टेशन ऐकण्याचा छंद

आज रेडिओबद्दलच बोलणार आहे. पण रेडिओवर काय लागतं ते नाही, तर आपल्या घरातल्या साध्या रेडिओवर किती लांबचं ऐकू येऊ शकतं, ते.

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांना टीव्हीचा अँटेना आठवत असेल. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याला ते दिसायला लागलं. सिंहगड ते नगर सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर. एवढ्या लांबचं चित्र पकडायचं म्हणून लोकांनी घरावर उंच पाइप उभे केले, बूस्टर लावले. पोरगा पत्र्यावर चढून पाइप फिरवायचा आणि आपण दारातून ओरडायचो, "आलं, आलं! अगं बाई, गेलं! मागं फिरव!" त्या वेळी कोणी त्याला छंद म्हटलं नाही, पण काम तेच होतं. हवेतून आलेली लांबची लहर पकडायची.

ही लहर व्हीएचएफ जातीची. ३० ते ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरींना व्हीएचएफ म्हणतात. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ च्या मध्ये चालतो, म्हणजे तोही त्यातलाच. जुन्या मीडियम वेव्हच्या लहरी जमिनीला धरून लांब जायच्या, शॉर्ट वेव्हच्या आभाळातून परतून देशोदेशी पोचायच्या. एफएमची लहर मात्र बॅटरीच्या उजेडासारखी बहुतेक सरळ जाते. डोंगर आडवा आला की अडते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे थोड्या अंतरावर जमिनीच्या उंचवट्याआड जाते. म्हणून जितकं उंच बसाल तितकं लांबचं ऐकाल.

याचं उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातलं कळसूबाई, १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. नवरात्रात ओटी भरायला आपल्यातल्या कितीतरी जणी ते चढतात. तेवढ्या उंचीवरून एफएम लहरीला सुमारे १६५ किलोमीटरपर्यंत मोकळी वाट मिळते. नाशिक तिथून ४५ किलोमीटरच्या आसपास, मुंबई आणि पुणे सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत. पुढच्या वेळी पिशवीत नारळाबरोबर खिशातला छोटा रेडिओ टाका. देवीचं दर्शन झालं की बसल्या बसल्या काटा सावकाश फिरवा. तीन शहरं एका रेडिओत सापडतील.

पण शिखर चढल्याशिवाय हे होत नाही असं नाही. माझं घर पारनेरच्या पठारावर आहे. ओट्यावर बसून मी काटा फिरवते. १००.१ वर आपलं नगरचं आकाशवाणी केंद्र. त्याच्या थोडं पुढं १०१ वर पुणे, १०१.४ वर नाशिक, १०१.७ वर छत्रपती संभाजीनगर, आणि १०२.९ वर बीड. काट्याच्या एवढ्याशा जागेत पाच जिल्हे शेजारी-शेजारी बसलेत. रोज सगळे येत नाहीत. कोण कधी येतं आणि का येतं, यातच या छंदाची सगळी गोडी आहे. जगभर याला डीएक्सिंग म्हणतात. डीएक्स म्हणजे डिस्टन्स, अंतर.

आता मुख्य गोष्ट. थंडीत पहाटे चूल पेटवली की एखाद्या दिवशी धूर सरळ वर जातो, आणि एखाद्या दिवशी तो थोडा वर जाऊन गावावर चादरीसारखा आडवा पसरतो. हे आपण लहानपणापासून पाहतो. त्या दिवशी काय झालेलं असतं? रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन आपली ऊब सोडून गार होते, तिला टेकलेली हवाही गार होते. वरची हवा मात्र तितकी गार होत नाही. म्हणजे खाली गार आणि वर ऊबदार, असं उलटं होतं. ऊबदार थराचं झाकण बसल्यामुळे धुराला वर जाता येत नाही.

हेच झाकण रेडिओच्या लहरीलाही लागतं. पातेल्यातल्या पाण्यात पळी तिरकी बुडवली तर ती वाकल्यासारखी दिसते. उजेड हवेतून पाण्यात जाताना वळतो म्हणून तसं दिसतं. तसंच खालची गार, दमट हवा आणि वरची ऊबदार, कोरडी हवा यांच्या सीमेवर एफएमची लहर खाली वळते. जी लहर सरळ जाऊन आभाळात हरवली असती, ती पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत पुढं जात राहते. अशा पहाटे ज्या स्टेशनचं एरवी नावही लागत नाही ते स्वच्छ बोलायला लागतं. ऊन चढलं, जमीन तापली की धूर मोकळा होतो आणि लांबचं स्टेशनही निघून जातं. तेव्हा मैत्रिणींनो, धूर आडवा दिसला की रेडिओ काढायचा.

समुद्रावर हे फार मोठ्या प्रमाणावर घडतं. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला एक रडार होतं, २०० मेगाहर्ट्झचं, म्हणजे व्हीएचएफचंच. उन्हाळ्यात त्याच्यावर हजार मैलांपेक्षा लांब असलेल्या अरबस्तानच्या किनाऱ्याचा प्रतिध्वनी उमटायचा. जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्राच्या दमट हवेवर पसरते आणि त्यातून लहरीला जणू बोगदाच तयार होतो. मोसमी पाऊस सुरू झाला की हवा ढवळली जाते आणि बोगदा मोडतो. या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत मुंबईचं हे उदाहरण आजही दिलं जातं.

आणखी एक वाट आहे, ती क्वचित उघडते. जमिनीपासून साधारण १०० किलोमीटर उंचीवर मे ते ऑगस्टच्या काळात कधी कधी विजेचा भार असलेले दाट ठिगळासारखे थर तयार होतात. लहर त्यावर आपटून परत येते आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचं स्टेशन दहा-पंधरा मिनिटं घरात येऊन बोलून जातं. अनोळखी भाषा ऐकू आली तर सेट बिघडला असं समजून बंद करू नका. वेळ लिहून ठेवा.

आता करायचं कसं? खर्च जवळपास नाहीच. एफएम लागणारा कोणताही रेडिओ चालतो. आकडे दाखवणारा असेल तर नेमकं कुठं आहोत ते कळतं. मोबाइलमध्ये एफएम असेल तर इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना असतो. पत्र्याच्या घरात आत बसू नका, पत्रा लहर अडवतो. ओट्यावर किंवा गच्चीवर या. रेडिओची काडी पूर्ण ओढा, उभी-आडवी करून पाहा. काडी नीट नसेल तर पाऊण मीटर, म्हणजे ७५ सेंटिमीटर वायर तिला जोडा. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब असते, तिचा चौथा भाग म्हणजे हे माप. घरातले स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर रेडिओत गुणगुण करतात, ते बंद करा. लाइट गेली की आपण वैतागतो, पण लांबचं ऐकायला ती वेळ सगळ्यांत चांगली.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. वायर विजेच्या तारांजवळ कधीही टाकायची नाही. आणि आभाळ गडगडायला लागलं की रेडिओ-वायर सगळं घेऊन आत यायचं.

स्टेशन ओळखायचं कसं? गाणी सगळीकडे तीच असतात. कान जाहिरातींकडे ठेवा. ९८.३ वर मुंबई, पुणे आणि नाशिक तिन्हीकडे एकाच कंपनीचं स्टेशन आहे. एफएमचा सेट दोन आवाजांतला जो जोरदार असेल तो धरतो आणि दुसरा दाबून टाकतो. दोन्ही सारखे असले की कधी हा, कधी तो. मग जाहिरातीत साडीच्या दुकानाचा पत्ता नाशिकच्या रस्त्यावरचा की पुण्यातल्या पेठेतला, यावरून कळतं आपण कुठं आहोत. हवामानाचा अंदाज आणि फोन करणाऱ्या श्रोत्यांची गावं यावरूनही कळतं.

एक वही करा. तारीख, वेळ, काट्यावरचा आकडा, काय ऐकलं, हवा कशी होती. एवढंच. स्टेशनला पत्र लिहून हे कळवलं तर काही केंद्रं खात्रीचं कार्ड पाठवतात. आकाशवाणीनंही श्रोत्यांना अशी कार्डं पाठवली आहेत.

कायद्याचंही सांगते. पूर्वी रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागायचं. आता प्रसारण ऐकायला काही लागत नाही. पोलिसांचा किंवा विमानांचा वायरलेस मात्र आपल्यासाठी नाही, त्याच्या मागे लागू नका. स्वतः बोलायचं असेल तर हॅम रेडिओची सरकारी परीक्षा आहे, बाराव्या वर्षापासून देता येते. घरातल्या मुलीला गोडी असेल तर जरूर बसवा.

तुम्ही म्हणाल, याचा उपयोग काय? छंदाला उपयोग लागतोच असं नाही. पण एक अनुभव सांगते. मी ज्या सामुदायिक केंद्रावर काम करते, तिथं सकाळी सातला लसीकरणाच्या आणि आरोग्य तपासणीच्या सूचना जायच्या. लांबच्या वाडीवरच्या एक आजी म्हणाल्या, "थंडीत तुमचं काही ऐकू येत नाही, मधेच दुसरीच बाई बोलते." आम्ही म्हटलं, सेल बदला. त्यांनी बदलले. तरी तेच. मग त्यांनी नातीकडून महिनाभराची वही लिहून घेतली. कोणत्या सकाळी आवाज गेला, किती वाजता परत आला, आणि पुढं एक शब्द, 'धूर आडवा' किंवा 'धूर सरळ'. ज्या दिवशी धूर आडवा, त्याच दिवशी आमचा आवाज गेलेला.

कारण साधं होतं. सामुदायिक केंद्राला ५० वॅटपर्यंतचाच ट्रान्समीटर आणि ३० मीटरपर्यंतच उंच अँटेना लावायची परवानगी असते. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. आणि अशा छोट्या केंद्रांना मोजकेच आकडे मिळतात. आपलं रेडिओ नगर ९०.४ वर, बारामतीची वसुंधरा वाहिनी ९०.४ वर, म्हसवडची माणदेशी तरंगही ९०.४ वर. एरवी एकमेकींना त्रास होत नाही, कारण मधे अंतर असतं. पण हवेचं झाकण बसलं की अंतर आटतं, आणि आजींच्या वाडीसारख्या कडेच्या ठिकाणी एकाच आकड्यावरची पाहुणी आपल्या आवाजावर बसते.

आम्ही ट्रान्समीटर दुरुस्तीला पैसे घालणार होतो. त्याऐवजी थंडीचे चार महिने त्या सूचना सकाळी साडेदहाला पुन्हा लावायला लागलो. वाडीवरच्या बाळंतिणींना तपासणीचा दिवस वेळेवर कळायला लागला. हे काम कोणा इंजिनिअरनं केलं नाही, चुलीपुढं बसणाऱ्या एका बाईच्या कानानं केलं.

तेव्हा उद्या पहाटे चूल किंवा पाण्याचा बंब पेटवाल तेव्हा धुराकडे पाहा. आडवा असेल तर रेडिओ घेऊन ओट्यावर या आणि काटा सावकाश फिरवा. लांबचं काही आलं तर वहीत लिहा. आणि आमचाच आवाज आला नाही, तर तेही लिहा आणि आम्हाला नक्की कळवा.