विहिरीचे पाणी आणि खडकाचे थर

एकाच शिवारात, एकाच बांधाच्या दोन बाजूंस खोदलेल्या दोन विहिरींपैकी एकीस वैशाखातही पाणी असते, तर दुसरी माघातच तळ दाखविते, असे पुष्कळ गावी आढळून येते. याचा दोष सामान्यतः दैवास दिला जातो. वस्तुतः त्याचे कारण विहिरीच्या पोटातील खडकात असते. विहीर बहुधा कर्ज काढूनच खोदली जाते. यास्तव खोदाईपूर्वी आपल्या भूमीची रचना समजून घेणे प्रत्येक शेतकऱ्याच्या हिताचे आहे.

खडकाच्या पायऱ्या

महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली बेसाल्ट हा काळा अग्निजन्य खडक आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त लाव्हारस भेगांतून वर आला व दूरवर पसरून थिजला. असे एकावर एक अनेक थर साचून दख्खनचे पठार निर्माण झाले. या खडकास ‘ट्रॅप’ म्हणतात. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव पडले आहे. सह्याद्रीच्या उतारांवर या पायऱ्या स्पष्ट दिसतात. उभा कडा असतो तेथे घट्ट काळा पाषाण असतो. दोन कड्यांमधील उतरत्या, गवताळ पट्टीत झिजणारा, मऊ खडक असतो. हे थर बहुतांशी आडवे असल्यामुळे जवळच्या टेकडीवर किंवा ओढ्याच्या काठावर जो क्रम दिसतो, तोच क्रम पुष्कळदा विहिरीतही सापडतो.

पाणी कोठे साठते?

लाव्हारस थिजताना त्यातील वायू वर येतात, म्हणून प्रत्येक थराचा माथा छिद्रयुक्त बनतो. ही छिद्रे पुढे झिओलाइटसारख्या पांढऱ्या खनिजांनी बहुधा भरून जातात. तथापि हा खडक लवकर कुजतो व पाणी धरू लागतो. विहीर खोदणारे यास ‘मांजऱ्या’ म्हणतात. त्यावरील मुरूमही पाणी मुरवितो व साठवितो. घट्ट पाषाणात मात्र पाणी केवळ सांधे व भेगा यांतूनच वाहते. भेग लागली तर झरा, न लागली तर कोरडा खड्डा! दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे लाल मातीसारखा पट्टा लागतो. तो चिकण असल्याने पाणी सहसा खाली जाऊ देत नाही, आणि भिजल्यावर ढासळतो. अशा ठिकाणी विहिरीस बांधकाम अवश्य करावे.

जमाखर्च

नदीकाठच्या वालुकामय गाळाच्या तुलनेने आपला खडक फार कृपण आहे. कुजलेल्या बेसाल्टच्या शंभर घनमीटरांतून साधारणतः एक ते तीन घनमीटर पाणीच उपसता येते. हे प्रमाण दोन धरल्यास, एक हेक्टर क्षेत्राखालील एक मीटर जाडीच्या थरातून २०० घनमीटर, म्हणजे २ लक्ष लिटर पाणी मिळेल. एका हेक्टरास ५ सेंटिमीटर खोलीची एक पाळी देण्यास ५ लक्ष लिटर लागतात. अर्थात एका पाळीसाठी तेवढ्याच क्षेत्राखालील पाणी अडीच मीटर खाली जाते.

आता जमेची बाजू पाहू. वार्षिक पाऊस ५०० मिलिमीटर असून त्यातील एक-दशांश जमिनीत खोल मुरतो असे धरल्यास, दर हेक्टरी ५ लक्ष लिटरची भर पडते. हे पाणी एकाच पाळीस पुरते. उसास वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. पावसाचा प्रत्येक थेंब पिकास लाभला असे मानले तरी किमान हजार मिलिमीटरची तूट उरते. ती भरून काढण्यास वीस हेक्टरांवर मुरलेले पाणी हवे. कालव्याचे पाणी नसेल, तर ते शेजाऱ्याच्या भूमीखालून येते.

विहीर आटली की खोल विंधन विहीर घेण्याकडे कल होतो. तथापि खोलवरच्या भेगांतील साठा लहान असतो व तो सावकाश भरतो. शिवाय वरच्या थरातील पाणी त्याच छिद्रातून खाली उतरून शेजारची विहीर आटण्याचा संभव असतो.

काय करावे?

१. खोदाईपूर्वी जवळपासच्या विहिरींतील मुरूम, मांजऱ्या व पाषाण यांची खोली पाहून टिपून ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

२. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबंडिंग ही कामे क्रमाने करावीत. मुरूम उघडा असलेल्या माळावर पाणी चांगले मुरते. तेथे चर आधी घ्यावेत.

३. आपल्या विहिरीतील पाण्याची पातळी ऑक्टोबर व मे महिन्यांत मोजून वहीत नोंदवावी. ऑक्टोबरच्या नोंदीवरून रब्बीचे क्षेत्र ठरवावे. पातळी कमी असल्यास गव्हाऐवजी हरभरा किंवा ज्वारी घ्यावी.

४. हा हिशेब गावाने एकत्र मांडावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अल्प पावसाच्या गावाने पाणलोटाची कामे केली, सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास बंदी घातली व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा पाडली.

बांध जमिनीचे मालक निराळे करतो. खालचा थर मात्र सर्वांचा एकच असतो. सबब येत्या ऑक्टोबरात प्रत्येकाने आपल्या विहिरीची पातळी मोजावी व रब्बीची पेरणी ठरविण्यापूर्वी तो आकडा ग्रामसभेत मांडावा.